फणसांबा, जुने फणस आणि आपले मंडळ : महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि मा. सदस्य सचिव,
महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ, नागपूर.

विषय : औषधी रानअळंब्यांचा, विशेषतः फणसांब्याचा, वापर आणि त्यांचे संरक्षण यांविषयी धोरण ठरविण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्यात राहतो. महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यानंतर गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीत काम करतो. गेल्या हिवाळ्यात आमच्यासमोर असा एक प्रश्न आला की त्याचे उत्तर ना समितीला देता आले, ना वनपालांना, ना तालुक्याच्या कोणत्या कार्यालयाला. एका व्यापाऱ्याचा माणूस वाड्यावाड्यांतून फिरून फणसांबा किलोच्या भावाने मागत होता आणि मिळेल तेवढा पोत्यांत भरून नेण्याची त्याची तयारी होती. त्याने कोणाची परवानगी घ्यायला हवी होती, समितीला शुल्क आकारता आले असते का, विकणाऱ्या धनगर आणि कातकरी कुटुंबांना ते विकण्याचा हक्क आहे का, आणि झाडावरून नेमके किती काढले म्हणजे फार झाले, यांपैकी एकाही गोष्टीवर लिखित मार्गदर्शन आमच्याकडे नव्हते. असे मार्गदर्शन मंडळाने काढलेले असेल तर ते गावापर्यंत पोहोचलेले नाही, आणि काढलेले नसेल तर ते आता काढावे, एवढ्यासाठी हे पत्र आहे. ते खुले ठेवले आहे, कारण हा प्रश्न आमच्या एका गावाचा नाही.

मंडळाच्या सर्वच सदस्यांचा कोकणाशी संबंध असेल असे नाही, म्हणून थोडे वर्णन करतो. फणसांबा हे जुन्या फणसाच्या खोडावर वाढणारे, घोड्याच्या खुरासारखे कठीण कवक, म्हणजे बुरशी, आहे. वरची बाजू काळपट, भेगाळलेली आणि बहुधा शेवाळलेली असते. खालची बाजू काथाच्या रंगाची, हाताला मखमली लागणारी, आणि नीट पाहिले तर तिच्यावर सुईच्या टोकाएवढ्या छिद्रांची दाटी दिसते. बीजाणू, म्हणजे कवकाचे सूक्ष्म बी, बाहेर पडतात ते या छिद्रांतून. पावसाळ्यानंतर कडेला पिवळसर तपकिरी रंगाची ताजी पट्टी दिसली की ते जिवंत आहे आणि वाढते आहे हे समजते. भाजीची अळंबी चार दिवसांत उगवून कुजून जाते, तसे याचे नाही. हे अनेक वर्षे जगते, छिद्रांचे नवे थर जुन्या थरांखाली चढत जातात, आणि कोयत्याने उभे कापले तर ते थर एकाखाली एक मोजता येतात. कापलेल्या भागावर कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणाचा थेंब टाकला की तो भाग काळा पडतो. शास्त्रीयदृष्ट्या हे फेलिनस आणि त्याच्या निकटच्या प्रजातींचे कुळ आहे.

औषध म्हणून त्याचा वापर साधा आहे. सहाणेवर पाण्यात उगाळून ती तपकिरी उगाळणी तान्ह्या मुलाच्या हिरड्यांना लावतात. लाळ फार गळत असेल किंवा तोंड आले असेल तर हा उपाय करतात आणि जुलाब-आवेत पोटातही देतात. एका कुटुंबाला सुपारीएवढा तुकडा कित्येक महिने पुरतो. पुण्यामुंबईच्या काष्ठौषधींच्या दुकानांत तो मिळत आलेला आहे. पुणे विद्यापीठाचे कवकशास्त्रज्ञ जे. जी. वैद्य आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या दशकात लोकौषधांतील कवकांवर जे लेखन केले, त्यात फणसांब्याची नोंद ठळकपणे आहे, त्यामुळे हा विषय विज्ञानाला नवा आहे असे कोणी म्हणू नये. नवे आहे ते मागणीचे प्रमाण. सहाणेवर उगाळण्याच्या मापाने जी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या पुरली, ती चूर्णाच्या डब्यांच्या आणि कॅप्सूलच्या मापाने पुरेल का, हा प्रश्न आजवर विचारण्याची वेळच आली नव्हती.

अळंबी तोडल्याने तिची बुरशी मरत नाही, खरा जीव मातीत किंवा लाकडात पसरलेल्या कवकजालाचा असतो आणि वर दिसते ते केवळ फळ, असा युक्तिवाद या चर्चेत नेहमी ऐकू येतो. तो चुकीचा नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९७५ साली सुरू होऊन जवळपास तीन दशके चाललेल्या एका अभ्यासात रानातील अळंबी नियमित तोडलेल्या आणि न तोडलेल्या जागांची तुलना केली गेली. तोडल्यामुळे पुढच्या वर्षांचे उत्पादन घटल्याचे दिसले नाही. माणसांच्या पायांखाली जमीन तुडवली गेल्यामुळे मात्र उगवणाऱ्या अळंब्यांची संख्या कमी झाली. परंतु तो अभ्यास जमिनीवर उगवणाऱ्या, थोड्या दिवसांत संपणाऱ्या अळंब्यांचा होता. फणसांब्याला तो जसाच्या तसा लावता येत नाही. ज्याचे फलकाय, म्हणजे वर दिसणारे हे फळ, दहा-दहा वर्षे बीजाणू सोडत राहते, ते मुळापासून उपटले तर पुढच्या अनेक वर्षांचा प्रसार एका घावात थांबतो, आणि नवे फलकाय त्या आकाराचे व्हायला पुन्हा तेवढाच काळ जावा लागतो. त्यातच कुऱ्हाडीने सालीसकट काढले तर झाडालाही जखम होते. माहितगार माणूस जून झालेल्या फणसांब्याचा बाहेरचा तुकडा काढतो आणि खोडाला चिकटलेला भाग राहू देतो. पोत्यांच्या हिशेबाने मजुरी मिळणाऱ्याकडून तसे होण्याची अपेक्षा धरणे भाबडेपणाचे ठरेल.

मोठी मागणी आल्यावर काय होते हे पाहण्यासाठी हिमालयाकडे पाहावे. उत्तराखंडात जिला कीडा जडी म्हणतात आणि नेपाळात यार्सागुम्बा, ती पतंगाच्या जमिनीतील अळीवर वाढणारी बुरशी. पिथौरागड आणि चमोलीच्या उंच कुरणांवर बर्फ वितळू लागले की मे-जूनमध्ये गावेच्या गावे ती वेचायला चढतात. १९९० च्या दशकात चीनमधील मागणी वाढली आणि तिचे मोल सोन्याशी तोलले जाऊ लागले. अळी टणक असेपर्यंत, म्हणजे बीजाणू पिकण्याआधी, तिला भाव जास्त मिळतो, त्यामुळे पुढच्या पिढीचे बीज पडण्याआधीच ती जमिनीतून निघते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने चार देशांतील वेचणाऱ्यांच्या मुलाखती आणि हवामानाची माहिती एकत्र करून दाखवले की उत्पादन घटत आहे, आणि त्याला अतिवेचणी व हवामानबदल ही दोन्ही कारणे आहेत. २०२० साली आययूसीएनच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या, धोक्यातील जातींच्या लाल यादीत ती ‘असुरक्षित’ म्हणून नोंदवली गेली. उत्तराखंड सरकारने वेचणाऱ्यांची नोंदणी आणि शुल्क यांची चौकट २०१८ साली आणली. तोवर बाजार चांगलाच स्थिरावला होता आणि कुरणांवरून मारामाऱ्याही होऊन गेल्या होत्या. फणसांब्याला सोन्याचा भाव येईल असे मला वाटत नाही. पण नियम बाजारानंतर आले की ते कोणाच्या हाती लागतात, हे त्या उदाहरणातून आपल्याला फुकटात शिकता येते.

आता जो मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो त्याकडे येतो. फणसांब्याला धोका वैदूच्या कोयत्याचा आहे त्याहून कितीतरी अधिक करवतीचा आहे. हे कवक कोवळ्या झाडावर येत नाही. त्याला म्हातारा, आतून पोखरत चाललेला फणस लागतो, आणि असे फणस कोकणात आहेत ते जुन्या घरांच्या परसात, बांधांवर, मालकीच्या रानांत आणि देवरायांत. आमच्या जिल्ह्यात जंगलाचा मोठा भाग खासगी मालकीचा आहे. भावाभावांत वाटणी झाली, मुंबईत खोलीसाठी पैसे लागले, घरात लग्न निघाले, की ठेकेदाराला बोलावले जाते आणि त्याच्या करवतीला झाडाचे वय दिसत नाही. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आंबा, चिंच, हिरडा यांच्याबरोबर फणसही आहे, त्यामुळे तोडीपूर्वी परवानगी घ्यावी लागते. मात्र परवानगीच्या अर्जात सर्वांत सहज टिकणारे कारण असते ते झाड ‘रोगट व पोकळ’ असल्याचे, आणि पंचनाम्यात त्याचा पुरावा म्हणून बोट दाखवले जाते ते खोडावरच्या फणसांब्याकडे. म्हणजे ज्या वस्तूसाठी झाड राखायला हवे, तीच वस्तू झाड पाडण्याचे निमित्त होते. माझ्या मते हा एकच प्रकार थांबवला तरी फणसांब्याचे जेवढे संरक्षण होईल, तेवढे वेचणीवरच्या दहा निर्बंधांनी होणार नाही.

पोकळ झाड म्हणजे मेलेले झाड नव्हे, हे खरे तर शाळेतच शिकवायला हवे. खोडाचा मधला गाभा हे मृत लाकूडच असते. कवक तो गाभा कुजवते आणि बाहेरच्या जिवंत थरावर झाड पुढे अनेक वर्षे फळते. त्या पोकळीत धनेश घरटे करतो. तो स्वतः ढोली कोरत नाही, त्यामुळे वठलेल्या फांदीच्या किंवा कुजलेल्या गाभ्याच्या ढोलीवरच त्याचा संसार अवलंबून असतो. ककणेरासाठी, म्हणजे या धनेशासाठी, निधी देताना आणि फणसांब्यासाठी न देताना आपण एकाच झाडाचे दोन भाडेकरू वेगळे काढतो आहोत, एवढे मंडळाच्या लक्षात आणून द्यावेसे वाटते.

देवरायांबद्दल एक कडू गोष्ट लिहिणे भाग आहे. माधव गाडगीळ आणि त्यांचे सहकारी वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांची जी नोंद केली, तिच्यामुळे या रायांची महती जगाला कळली. गावात मात्र राईतली मोठी झाडे विकून देवळाचा जीर्णोद्धार करणे हे आजही पुण्यकर्म समजले जाते. कौलारू देऊळ जाते, सिमेंटचे येते, सभामंडपाला फरशी बसते, आणि जीर्णोद्धाराच्या पाटीवर देणगीदारांची नावे येतात. कापलेल्या झाडांची येत नाहीत. अशा राईतली उन्मळून पडलेली खोडेही ‘साफसफाई’ म्हणून उचलली जातात. कवकांचे अर्धे जग त्या पडलेल्या खोडांवर जगते.

यानंतर ओळखीचा प्रश्न. दुकानात फणसांबा म्हणून जे मिळते ते एकाच जातीचे नसते. या वर्गातील अनेक जाती दिसायला इतक्या सारख्या आहेत की सूक्ष्मदर्शकाशिवाय, आणि आता जनुकीय तपासणीशिवाय, त्या वेगळ्या करता येत नाहीत. आंब्यावरचे, ऐनावरचे, जांभळावरचे कवक फणसाच्या नावाने विकले जाणे अगदी सहज शक्य आहे. या संदर्भात चीन आणि कोरिया या देशांत ‘सांगह्वांग’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या फणसांब्याच्या नातलगाची हकिकत बोलकी आहे. १९६८ साली जपानमध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगांत त्याच्या अर्काने गाठींची वाढ रोखल्याचे दिसले, त्यानंतर त्यावर शेकडो शोधनिबंध निघाले आणि उत्पादने बाजारात आली. २०१२ साली संशोधकांनी दाखवून दिले की तुतीच्या झाडावर वाढणारी खरी औषधी जात शास्त्राला तोपर्यंत नावानिशी माहीतच नव्हती. इतकी वर्षे तिच्यासाठी वापरलेले नाव मुळात मध्य अमेरिकेतील निकाराग्वात सापडलेल्या दुसऱ्याच जातीचे होते. ज्या जातीला नाव नाही तिची मोजणी होत नाही, आणि मोजणी नाही म्हटल्यावर ती दुर्मीळ होत चालल्याचेही कळत नाही. आपल्याकडे पुण्याला आघारकर संशोधन संस्था आहे, तिथे जिवंत कवकांचा राष्ट्रीय संवर्धसंग्रह आहे आणि वाळवलेल्या नमुन्यांचे जुने संग्रहालय आहे. हे काम करण्यासाठी परदेशी जायची गरज नाही. नागपूरहून एक पत्र पुण्याला जायला हवे.

त्याच ओघात औषधी दाव्यांबद्दलही स्पष्ट बोलतो, कारण संरक्षणाची बाजू घेणारे लोक या ठिकाणी बहुधा गप्प बसतात. तोंड आल्यावर उगाळून लावणे हा अनुभवावर टिकलेला घरगुती उपाय आहे आणि त्याला माझा आक्षेप नाही. परंतु उंदरांवरच्या आणि काचेच्या बशीतील पेशींवरच्या प्रयोगांचा आधार घेऊन कर्करोगावर गुणकारी म्हणून चूर्ण विकणे हे रुग्णाची फसवणूक आहे आणि रानाची लूट आहे. अशा दाव्यांना वेळीच आळा घालणे हे काम अन्न व औषध प्रशासनाचे, हे मला माहीत आहे. पण खोट्या दाव्याने वाढलेली मागणी शेवटी आमच्याच रानावर येऊन पडते, म्हणून मंडळाने त्या खात्याला लेखी कळवत राहावे अशी अपेक्षा करणे अवाजवी होणार नाही.

रानातून न ओरबाडता कवकांपासून औषध मिळवता येते, याचा पुरावा आपल्या महाराष्ट्रातच आहे. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला आणि तिथे बुरशीपासूनच पेनिसिलिन तयार होऊ लागले, तेही मोठमोठ्या टाक्यांत वाढवलेल्या बुरशीपासून. जपानमध्ये १९७७ साली कर्करोगाच्या उपचारात पूरक औषध म्हणून मान्यता मिळालेले क्रेस्टिन ज्या कवकापासून काढले जात असे, ते कुजक्या लाकडावर जगभर सर्वत्र वाढते आणि आपल्या सह्याद्रीतही दिसते. तरीही औषधासाठी रान धुंडाळले गेले नाही, कवकजाल वाढवले गेले. फणसांब्याच्या कोरियातील आणि चीनमधील नातलगांची शेती लाकडाच्या ओंडक्यांवर आणि भुश्शावर केली जाते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने फणसाच्या छाटणीतून निघणाऱ्या ओंडक्यांवर हा प्रयोग हाती घेतला तर आमच्या भागातील बचत गटांना धिंगरी अळंबीपलीकडचे काही करता येईल.

मात्र शेती सुरू झाली की रान आपोआप वाचते असा समज करून घेऊ नये. कीडा जडीची नातलग असलेली, तांदळावर वाढवलेली कॉर्डिसेप्सची दुसरी एक जात आज आपल्या देशात ठिकठिकाणी लहान प्रयोगशाळांतून तयार होते आणि तिचे बरेच कौतुकही होते. म्हणून हिमालयातील कीडा जडीची वेचणी बंद पडलेली नाही. ‘जंगली’ म्हटले की दुप्पट पैसे मोजणारे गिऱ्हाईक कायम असते. शिवाय शेतीसाठी पहिले वाण येते ते कुणाच्या तरी टोपलीतून. कातकरी बाईने दाखवलेल्या झाडावरचा तुकडा शहरातील प्रयोगशाळेत वाढवून त्यावर कंपनी उभी राहिली, तर त्या बाईचा आणि तिच्या गावाचा त्यात वाटा किती, याचे उत्तर वाण काढण्याआधी ठरलेले असले पाहिजे. केरळातील काणी समाजाने दाखवलेल्या आरोग्यपच्चा या वनस्पतीच्या बाबतीत १९९० च्या दशकात वाटा देण्याचा करार झाला होता. तो निर्दोष नव्हता, पण झाला होता, हे महत्त्वाचे.

येथे कायद्याची गाठ पडते, आणि ती सोडवणे मंडळाच्या हाती आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यात जैविक संसाधनांची व्याख्या वनस्पती, प्राणी आणि सूक्ष्मजीव अशा शब्दांत केली आहे. ओंजळीत न मावणारे फणसांब्याचे खूर या तिघांपैकी नेमके कशात मोडते, याचा खुलासा गावच्या समितीला करता येत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपज म्हणजे वनस्पतिजन्य उपज असे म्हटले आहे. कवक ही वनस्पती नाही हे मी वर्गात आयुष्यभर शिकवले. पण उद्या एखाद्या अधिकाऱ्याने हेच वाक्य दाखवून ग्रामसभेचा अळंबीवरचा हक्क नाकारला तर तो शास्त्राचा विजय ठरणार नाही. मंडळाने आदिवासी विकास आणि वन विभागाशी बोलून, या दोन्ही कायद्यांच्या अंमलबजावणीसाठी अळंबी आणि इतर कवके समाविष्ट धरली जातील, असे स्पष्ट परिपत्रक काढावे.

जैवविविधता कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने यात आणखी एक पेच घातला आहे. ग्रंथांत नोंदलेले, म्हणजे संहिताबद्ध, पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना आणि आयुष पद्धतीच्या नोंदणीकृत वैद्यांना त्या दुरुस्तीने बरीच सूट दिली. वैदू, हकीम आणि स्थानिक लोक यांना मूळ कायद्यातही सूट होतीच, आणि ती योग्यच होती. पण फणसांब्याचे ज्ञान मुख्यतः तोंडी चालत आले आहे. ते संहिताबद्ध मानले तर कारखानदार सुटतो, आणि तोंडी मानले तर त्याने गावाला वाटा दिला पाहिजे. एखाद्या कंपनीच्या वकिलाने या प्रश्नाचे उत्तर द्यायच्या आत ते मंडळाने द्यावे, आणि ते ग्रामस्थांच्या बाजूने द्यावे.

आता बंदीविषयी, कारण असे पत्र वाचून कोणाच्या तरी मनात पहिल्यांदा तीच येईल. सरसकट बंदीला माझा विरोध आहे. बंदी आली की पकडली जाते ती डोक्यावर टोपली घेऊन एसटीची वाट पाहणारी बाई. पोती गोळा करणारा टेम्पो रात्री निघून जातो. गोव्यात अभयारण्यांतून वारुळावरची ओळमी काढायला मनाई आहे आणि तरी दर पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला पानांत बांधलेल्या ओळमींचे वाटे शेकड्याच्या भावाने विकले जातातच. विदर्भातील सात्या काय किंवा आमच्याकडची अळंबी काय, पावसाळ्यातल्या हातउसन्याच्या दिवसांत त्यांनी किती घरांत मीठमिरचीची सोय केली आहे हे त्या घरांना विचारावे. राज्याचा कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवून ज्या बायकांचा सत्कार करतो, त्यांनाच वन विभागाने दंड करावा, हे शोभणारे नाही.

म्हणून मागणी बंदीची नाही, क्रमाची आहे. सर्वांत आधी नोंद हवी. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातल्यावर गावोगावच्या लोकजैवविविधता नोंदवह्या, म्हणजे गावातील जीवसृष्टी आणि तिचे उपयोग यांच्या नोंदी, ज्या घाईने पूर्ण झाल्या ती आम्ही सर्वांनी पाहिली आहे. त्या घाईत कवके राहून गेली. कुठे आली असतील तर रानभाजीच्या रकान्यात ‘अळंबी’ एवढाच शब्द आला. नोंदवह्यांच्या पुढच्या फेरीत कवकांसाठी वेगळा तक्ता द्यावा आणि त्यात कवकाचे गावठी नाव, ते कोणत्या झाडावर आले, झाड कोणाच्या मालकीचे, उपयोग काय आणि तो कोण करतो हे विचारावे. ‘महाराष्ट्र जनुक कोश’ प्रकल्पाला २०२२ साली मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली तेव्हा सागरी जीवांपासून देशी गुरांपर्यंत सात विषय निवडले गेले. त्यांत कवकांना स्वतंत्र जागा मिळाली नाही. ती देण्यास आजही उशीर झालेला नाही. आययूसीएनच्या यादीत मार्च २०२५ मध्ये नोंदलेल्या कवकांची संख्या १३०० झाली आणि त्यांपैकी किमान ४११ जाती नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत, असे त्या संस्थेने म्हटले आहे. जगात कवकांच्या ज्ञात जाती दीड लाखाच्या आसपास आहेत हे लक्षात घेतले तर ही तपासणी किती थोडी झाली आहे ते दिसते, आणि आपल्या सह्याद्रीचा त्यातला वाटा किती याची कल्पना करणे कठीण नाही.

नोंदीबरोबरच व्यापारी खरेदीचे नियम यावेत. घरगुती वापर आणि वैदूचा वापर मोकळा राहावा. किलोने खरेदी करणाऱ्याने मात्र आधी मंडळाला सूचना द्यावी, जे जैवविविधता कायद्याच्या कलम ७ मध्ये आहेच, आणि ज्या गावातून माल उचलायचा त्या गावच्या समितीकडे कलम ४१ खालील संकलन शुल्क भरावे. त्या शुल्काची पावती सोबत असल्याशिवाय माल तालुक्याबाहेर जाऊ नये. वेचणीची पद्धत समितीने त्या भागातील माहितगारांना विचारून ठरवावी. आमच्याकडचे जुने लोक सांगतात त्यात खोडाला चिकटलेला भाग राहू देणे, तळहातापेक्षा लहान फणसांब्याला हात न लावणे आणि देवराईतून काहीच न काढणे या तीन गोष्टी येतात, आणि त्या तिन्ही शास्त्राला धरून आहेत. दर काही वर्षांनी तीच झाडे पुन्हा पाहून नोंद ताजी करावी. संख्या खरोखर घटताना दिसली तर कलम ३८ खाली त्या जातीला संरक्षण देण्याची शिफारस करण्याचा मार्ग मंडळाला खुला आहे, पण तोवर पुरावा गोळा झालेला असावा.

झाडांच्या बाबतीत मंडळाने वन आणि महसूल विभागांना एक गोष्ट निक्षून कळवावी : खोडावर फणसांबा असणे हे वृक्षतोडीच्या परवानगीचे कारण म्हणून धरले जाऊ नये. घरावर किंवा रस्त्यावर पडण्याचा धोका असेल तर प्रश्न वेगळा. बांधावरच्या किंवा रानातल्या झाडाबद्दल मी बोलतो आहे. असे झाड राखणाऱ्या मालकाला काहीतरी मोबदला मिळायला हवा, कारण ठेकेदार त्याला रोख पैसे देतो आणि आपण त्याला फक्त उपदेश देतो. संकलन शुल्कातून जमणाऱ्या रकमेतला ठरावीक हिस्सा त्या झाडांच्या मालकांना वार्षिक मानधन म्हणून द्यावा, अशी सूचना आमच्या समितीत आली आहे. रक्कम छोटी असेल, पण एकदा झाडाच्या नावाने पैसे येऊ लागले की ते झाड विकताना घरात चर्चा तरी होते.

आमच्या समितीने आपल्या हद्दीतील जुन्या फणसांची यादी करायला सुरुवात केली आहे. तक्त्याचा नमुना मंडळाकडून येईपर्यंत आम्ही तो वहीवर हाताने आखून भरत आहोत. पुढच्या ग्रामसभेच्या आधी, म्हणजे पावसाळा सरून वेचणी पुन्हा सुरू होण्यापूर्वी, वरील प्रश्नांवर मंडळाचे लेखी उत्तर मिळाल्यास ते सभेत वाचून दाखवता येईल. तो व्यापारी पुन्हा येणार असल्याचे सांगून गेला आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
संगमेश्वर तालुक्यातील एका जैवविविधता व्यवस्थापन समितीचा सदस्य